दुखणे थांबते, दाणा राहतो
गाउटचा झटका आणि सोनोग्राफीतली दुहेरी रेघ



या पत्रिकेतून आपण लागण, खोडवा, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या यांविषयी नेहमी वाचता. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही आपल्या शिवारातलाच. रात्रीची वीज आली की उठून दारे धरायला जायचे, तोड आली की फडात उभे राहायचे, हे सारे दोन पायांवर चालते. त्या पायालाच एक आजार अचानक जायबंदी करतो. त्याचे नाव गाउट. आपल्याकडे पुष्कळ जण त्याला ‘युरिक ॲसिडचा त्रास’ म्हणतात.

या दुखण्याची तऱ्हा अशी. माणूस रात्री ठणठणीत झोपतो. मध्यरात्रीनंतर पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ सुटते की गोधडीचे टोक लागले तरी जीव कासावीस व्हावा. उजाडेपर्यंत तो सांधा लालबुंद, गरम आणि टरारून सुजलेला. चप्पल चढत नाही, पाय टेकवत नाही. मग घरोघरची निदाने सुरू होतात. कोणी म्हणतो ठेच लागली असेल, कोणी म्हणतो काटा मोडला, कोणी म्हणतो रात्री काहीतरी चावलं. लेप लागतो, शेक होतो, मेडिकलमधून दुखण्याच्या चार गोळ्या येतात. आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, सूज उतरते. माणूस म्हणतो, “गेलं बुवा एकदाचं,” आणि कामाला लागतो.

गाउटच्या बाबतीत खरी फसगत इथेच होते. गेलेले असते ते दुखणे. दुखण्याचे कारण सांध्यात तसेच बसून असते. ही गोष्ट आता डॉक्टरांनी सांगितली म्हणून मानायची, असे राहिलेले नाही. ती डोळ्यांनी पाहता येते, आणि तेही गरोदर बाईच्या तपासणीमुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या सोनोग्राफी यंत्रावर. ती कशी, हे या लेखात पाहू.

जुना रोग, नवी माणसे

गाउट हा काही आजकालचा रोग नाही. आयुर्वेदात ‘वातरक्त’ या नावाने ज्याचे वर्णन येते त्याच्याशी तो पुष्कळ जुळतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याचे एक नाव ‘आढ्यवात’ असे दिले आहे. आढ्य म्हणजे धनवान. बसून खाणाऱ्या सुखवस्तू माणसाचा हा वात, असा त्यातला भाव. युरोपातही याला राजेरजवाड्यांचे दुखणे समजत.

आज ती ओळख मागे पडली आहे. चालणे कमी झाले, वजने वाढली. रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार गावोगाव दिसू लागले, आणि या सर्वांचा गाउटशी सोयरसंबंध आहे. पुरुषांत तो अधिक आढळतो. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते, म्हणून भगिनींनीही हा विषय आपला नाही असे समजू नये. काही घराण्यांत तो बापाकडून मुलाकडे येतो.

दाणा कसा धरतो

ज्यांनी आपल्या कारखान्याचे पॅन स्टेशन पाहिले आहे त्यांना गाउट समजणे सोपे जाईल. उसाचा रस आटवून पाक होतो. पॅनमध्ये तो आणखी आटवला की अशी वेळ येते की पाण्यात जेवढी साखर विरघळून राहू शकते त्याहून ती जास्त होते. मग दाणा धरतो. पॅनवरचा कारागीर बीज सोडतो आणि त्या बीजावर साखर चढत जाते. पुढे क्रिस्टलायझरमध्ये माल थंड होतो, तशी राहिलेली साखरही दाण्यावर येऊन बसते. घरातली काकवी महिनोन्‌महिने राहिली की डब्याच्या तळाशी खडे दिसतात, तोही हाच प्रकार.

आपल्या रक्तातल्या युरिक ॲसिडचे असेच आहे. शरीरातल्या पेशी रोज झिजतात आणि नव्या होतात. त्या झिजेतून, आणि काही भाग खाण्यातून, प्युरिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांचा शेवटचा कचरा म्हणजे युरिक ॲसिड. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात, उरलेला आतड्यावाटे जातो. गाय, बैल, कुत्रा अशा बहुतेक सस्तन प्राण्यांजवळ हा कचरा आणखी फोडणारे विकर असते. माणसाजवळ ते नाही. कोंबडीजवळही नाही. तिच्या विष्ठेतला पांढरा भाग युरिक ॲसिडचाच असतो, आणि पिल्लांमधला गाउट कोंबडीपालन करणाऱ्या सभासदांना ठाऊकच असेल.

रक्तात हे द्रव्य किती विरघळून राहू शकते याला मर्यादा आहे. शरीराच्या ३७ अंश उष्णतेला ती मर्यादा दर १०० मिलिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम इतकी आहे. त्यावर पातळी वर्षानुवर्षे राहिली तर सांध्यातल्या कूर्चेवर, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणावर, सुईसारखे बारीक दाणे बसू लागतात. उष्णता कमी झाली की मर्यादाही उतरते. ३० अंशांवर ती साडेचारच्या आसपास येते. पायाचा अंगठा हृदयापासून सर्वांत दूर आणि अंगाच्या मानाने गार. शिवाय त्या सांध्यावर चालण्याचा भार आणि लहानमोठे मार कायमचेच. म्हणून पहिला दाणा बहुधा तिथे धरतो. पुढे पाऊल, घोटा, गुडघा, मनगट, कोपर यांवरही पाळी येते.

१६७९ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहुक या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या गृहस्थाने गाउटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ भिंगाखाली पाहिला आणि त्यात सुईसारखे स्फटिक दिसल्याचे लिहून ठेवले. १८४८ साली लंडनच्या डॉ. गॅरड यांनी गाउटच्या रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले दाखवले. १९६१ साली अमेरिकेतील मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातले पाणी काढून, खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दाणे ओळखण्याची रीत घालून दिली. ती रीत आजही निदानाची पक्की कसोटी मानतात.

मग आग कधी लागते?

इथे एक प्रश्न सहज पडतो. दाणे जर वर्षानुवर्षे सांध्यात असतात, तर दुखणे अधूनमधूनच का येते? रोज का नाही?

याचे उत्तर असे की कूर्चेवर चिकटून बसलेला दाणा बराच काळ निपचित असतो. काही कारणाने तो थर हलला, त्यातले दाणे सुटून सांध्याच्या पाण्यात उतरले, की शरीरातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी त्यांना परका शत्रू समजून गिळायला धावतात. दाणा पचत नाही, पण पेशीच्या आत धोक्याची घंटा वाजते. ही घंटा कोणती, हे २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवून दिले. त्या घंटेसरशी इंटरल्युकिन-१ नावाचे द्रव्य सुटते, आणखी पेशींना सांगावा जातो आणि काही तासांत सांधा पेटतो. बारा ते चोवीस तासांत दुखणे कळसाला पोचते. पुढे शरीर स्वतःच ही आग हळूहळू विझवते. लेपाने बरे वाटले की गोळीने, हा वाद त्यामुळेच मिटत नाही. काही केले नसते तरी झटका बहुधा ओसरलाच असता.

थर हलवणारी कारणे आपल्या ओळखीची आहेत. सांध्याला मार किंवा फार चाल, ताप, शस्त्रक्रिया, मद्य, मटणाचे जड जेवण, उन्हात राबून पाणी कमी पिणे, कडक उपास. या सर्वांत युरिक ॲसिडची पातळी एकाएकी वर तरी जाते किंवा खाली तरी. यात्रा किंवा लग्नसराई आटोपून आलेल्या माणसाचा अंगठा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सुजतो तो योगायोग नसतो.

रक्ताच्या तपासणीने चकवा बसू शकतो

झटका आला की पुष्कळ जण लगेच रक्त तपासून घेतात. अहवालात युरिक ॲसिड कधीकधी नेहमीइतकेच निघते. मग “गाउट नाही, वात आहे” असे समजून प्रकरण मिटते. प्रत्यक्षात ऐन झटक्यात मूत्रपिंडे हे द्रव्य जास्त बाहेर टाकतात आणि रक्तातली पातळी तात्पुरती उतरू शकते. म्हणून दुखणे शमल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

उलट बाजूही आहे. रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असूनही ज्यांना आयुष्यात एकही झटका येत नाही अशी माणसे पुष्कळ आहेत. म्हणजे रक्ताचा आकडा एकटा सगळे सांगत नाही. दाणा बसला आहे का, कुठे आणि किती, हे सांध्यातच पाहावे लागते. क्ष-किरणाच्या फोटोत गाउटची खूण उमटायला बहुधा काही वर्षे जावी लागतात, तोवर हाड कुरतडलेले असते. इथे सोनोग्राफी उपयोगी पडते.

आवाजाने पाहणे

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरींनी घेतलेले चित्र. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीतला आवाज लाखो कंपनांचा असतो. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तशा या लहरी अंगात शिरून वेगवेगळ्या थरांवर आपटून परत येतात आणि यंत्र त्यावरून चित्र काढते. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, दुखत नाही. १९५८ साली ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी पोटाच्या तपासणीत या लहरींचा उपयोग जगापुढे मांडला आणि पुढे ती गरोदरपणातली नेहमीची तपासणी झाली.

पोटासाठी लहरी खोल जाव्या लागतात, त्यामुळे चित्र थोडे ढोबळ येते. अंगठ्याचा सांधा कातडीखालीच असतो. त्यासाठी जास्त कंपनांचा, लहान आणि सपाट तोंडाचा हात, ज्याला प्रोब म्हणतात, तो वापरतात. त्याने अगदी बारीक थरही वेगळा दिसतो.

पडद्यावर हाडाचा पृष्ठभाग पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. त्यावरची निरोगी कूर्चा काळी दिसते, कारण तिच्यातून आवाज न आपटता पार होतो. गाउट झालेल्या सांध्यात मात्र त्या काळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला आणखी एक पांढरी रेघ उमटते. ती असते कूर्चेवर बसलेल्या दाण्यांच्या थराची. खाली हाडाची रेघ, वर दाण्याची रेघ, मध्ये काळी कूर्चा. जणू ओल्या बांधावर खार फुटावा तशी ही वरची रेघ असते. डॉक्टर मंडळी या खुणेला ‘डबल कंटूर’ म्हणतात, आपण दुहेरी रेघ म्हणू. अमेरिकेतील थीले आणि श्लेसिंजर या दोन डॉक्टरांनी २००७ साली या खुणेविषयी लिहिले. २०१५ साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवात-तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून गाउट ओळखण्याचे निकष ठरवले, त्यात या रेघेला गुण दिले गेले.

दुसरी खूण गाठीची. दाणे एकत्र जमून गाठ झाली की ती पडद्यावर ढगाळ, खडबडीत दिसते. तिचे वर्णन करताना परदेशातल्या डॉक्टरांनी जी उपमा वापरली ती ऐकून आपल्याला गंमत वाटेल. ते म्हणतात, ही गाठ ओल्या साखरेच्या ढेकळासारखी दिसते! पावसाळ्यात पोत्यातली साखर ओलसर होऊन ढेकूळ धरते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. याशिवाय सांध्यातल्या पाण्यात तरंगणारे दाणे हिमकणांसारखे चमकतात, आणि जुन्या रोगात हाडाची कड कुरतडलेली दिसते.

यंत्रात आणखी एक सोय असते, तिला डॉप्लर म्हणतात. सुजलेल्या जागी रक्त जोराने खेळत असते, ते या सोयीने रंगीत ठिपक्यांत दिसते. म्हणजे दाणा आहे का हे साध्या चित्रात कळते, आणि तिथे आग धुमसते आहे का हे डॉप्लरमध्ये.

या चित्रांनी काय शिकवले

या यंत्राने झटक्याविषयीची समजूतच पालटली. पूर्वी झटका म्हणजे रोग आला आणि झटका ओसरला म्हणजे रोग गेला, असे वाटे. सोनोग्राफीत दिसले की झटका ओसरून महिने लोटले, माणूस धावतो आहे, तरी दुहेरी रेघ जागच्या जागी आहे. जो सांधा कधी दुखलाच नाही त्यातही दाणे सापडले. काहींच्या न दुखणाऱ्या सांध्यात डॉप्लरचे रंगही दिसले. बाहेर राख, आत निखारा.

दुसरी गोष्ट इटलीतील डॉक्टरांनी पाहिली. त्यांनी गाउटच्या रोग्यांची आधी सोनोग्राफी करून ठेवली आणि मग बारा महिने कोणाला किती झटके येतात ते नोंदवले. ज्यांच्या सांध्यांत दाण्यांचा साठा जास्त आणि डॉप्लरमध्ये आग दिसत होती, त्यांना पुढच्या वर्षात झटके येण्याची शक्यता जास्त निघाली. झटका लहरीप्रमाणे येतो असे वाटते, पण त्याची बेगमी सांध्यात आधीपासून साठलेली असते.

तिसरी गोष्ट सर्वांत दिलासा देणारी. साठलेला दाणा पुन्हा विरघळतो. पातळी मर्यादेखाली टिकवून धरली की थर पातळ होत जातो. २०१० साली थीले आणि श्लेसिंजर यांनीच थोड्या रोग्यांत दाखवले की युरिक ॲसिड ६ किंवा त्याखाली सात महिने वा अधिक काळ राहिल्यावर दुहेरी रेघ नाहीशी झाली. पुढे नॉर्वेत ऑस्लो येथे मोठ्या संख्येने रोग्यांवर नेटाने उपचार करून वेळोवेळी सोनोग्राफी केली. तिथेही वर्षभरात साठा घटत गेला, आणि कूर्चेवरची रेघ सर्वांत लवकर ओसरली. तिथल्या रोग्यांना पहिल्या वर्षी बहुतेकांना झटके आलेच, दुसऱ्या वर्षी मात्र ते सुमारे चौघांत एकालाच आले. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पहिल्याच वर्षात कंटाळून औषध सोडणारे आपल्याकडे फार.

गोळी सुरू केल्यावर झटका का येतो?

“युरिक ॲसिडची गोळी घेतली आणि दुखणं उलट वाढलं,” ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती खोटी नसते. ठिबकच्या नळ्यांत क्षार साठले की आपण ॲसिड ट्रीटमेंट करतो. त्या वेळी सुटलेले कण पुढे जाऊन तोट्या तुंबवतात, म्हणून टोके उघडून नळ्या धुऊन काढाव्या लागतात. सांध्यातही तसेच. पातळी उतरू लागली की जुना थर सैल होतो, त्यातले दाणे सुटतात आणि आग लागते. औषध लागू पडत असल्याचीच ती खूण असू शकते.

म्हणून डॉक्टर दोन प्रकारची औषधे देतात आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यावा. एक औषध आग विझवणारे. कॉल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या गोळ्या किंवा स्टेरॉइड ही त्यातली. दुसरे औषध साठा कमी करणारे. त्यात ॲलोप्युरिनॉल मुख्य. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या संशोधनातून ते आले आणि १९६६ सालापासून गाउटवर वापरात आहे. या दोघांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फेबुक्सोस्टॅट हे अलीकडचे. साठा कमी करणारे औषध थोड्या मात्रेने सुरू करून, रक्त तपासत वाढवत नेतात आणि पातळी ६ च्या खाली आणून तिथे ठेवतात. पहिले तीन ते सहा महिने झटका येऊ नये म्हणून बहुधा कॉल्चिसिनची लहान मात्रा सोबत देतात. साठा किती उरला हे सोनोग्राफीत दिसत असल्याने पुढे काय करायचे ते ठरवायलाही मदत होते.

ॲलोप्युरिनॉल घेताना अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा ताप आला तर गोळी त्याच क्षणी थांबवून डॉक्टरकडे जावे. ही प्रतिक्रिया क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतू शकते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. कॉल्चिसिन हे द्रव्य आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांतही असते. म्हणून कोणी तो कंद उगाळून घेण्याच्या फंदात पडू नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. कंद खाऊन माणसे दगावतात.

तसेच मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेत राहणे हेही मूत्रपिंडाला घातक. गाउटच्या पुष्कळ रोग्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात. ती आणखी थकली की युरिक ॲसिड बाहेर पडणे कमी होते आणि साठा वाढतो. दुखणे थांबवण्याच्या नादात आपण दुखण्याचेच बी पेरतो.

यंत्राच्या मर्यादा

सोनोग्राफी म्हणजे जादूचा आरसा नव्हे. चित्र काढणाऱ्याचा हात आणि डोळा सरावलेला हवा. सुरुवातीच्या रोगात रेघ दिसतेच असे नाही. वयस्कर माणसांच्या गुडघ्यात कॅल्शियमचे वेगळे दाणे होतात आणि त्यांचाही असाच झटका येतो. ते दाणे बहुधा कूर्चेच्या आत दिसतात, गाउटचे तिच्या पृष्ठभागावर. हा फरक अनुभवी तज्ज्ञच करू जाणे. सांधा सुजून सोबत थंडी-ताप असेल तर आत पू झाला असण्याची भीती असते. तिथे सुईने पाणी काढून तपासणे भागच आहे आणि त्यात एक दिवसाचाही उशीर परवडत नाही.

रक्तात युरिक ॲसिड वाढले आहे पण कधी झटका नाही, गाठ नाही, मुतखडा नाही, अशा माणसाने घाबरून जाऊन गोळ्या सुरू करू नयेत. अशांना सरसकट औषध देऊ नये असेच बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. वजन, मद्य आणि खाणेपिणे यांकडे मात्र लक्ष द्यावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. या यंत्राचा गर्भलिंग तपासण्यासाठी दुरुपयोग झाला, म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यामुळे अंगठा पाहायचा असला तरी सोनोग्राफी नोंदणी असलेल्या केंद्रातच होते. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी आणि त्यात ‘गाउटसाठी सांध्याची तपासणी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. प्रत्येकाला ही तपासणी हवीच असेही नाही. चित्र उघड असेल तर डॉक्टर तिच्याविनाही उपचार सुरू करतात.

खाणेपिणे, आणि आपली साखर

गाउट म्हटले की घरात पहिली गदा येते ती डाळींवर आणि पालकावर. पण २००४ साली अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत असे दिसले की मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढतो, मात्र प्युरिन असलेल्या भाज्यांनी तो वाढल्याचे आढळले नाही. दूधदुभते जास्त घेणाऱ्यांत तो कमी निघाला. तेव्हा आमटी, उसळ, ताक यांना घराबाहेर काढण्याचे कारण नाही. काळीज, भेजा, वजडी यांसारखे पदार्थ टाळावेत, मटण बेताने खावे. मद्य टाळलेले बरे आणि त्यातही बिअर वाईट.

आता आपल्याच मालाविषयी. आपण ऊस पिकवणारे. आपल्याच साखरेविषयी आपल्याच पत्रिकेत असे छापावे का, असे कोणाला वाटेल. पण पत्रिका सभासदांची आहे आणि पायही सभासदांचेच आहेत. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोज एकदम भरपूर आले की ते पचवताना पेशींचे इंधन झपाट्याने खर्ची पडते आणि त्या मोडतोडीतून युरिक ॲसिड बनते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच मोठ्या पाहणीत, रोज दोन किंवा अधिक साखरेची शीतपेये पिणाऱ्या पुरुषांत गाउटचा धोका, ती क्वचित पिणाऱ्यांच्या मानाने ८५ टक्क्यांनी जास्त निघाला. गूळ आणि उसाचा रस यांतही मुख्यतः तीच साखर आहे. चहातली चमचाभर साखर किंवा सणाची पुरणपोळी यांनी कोणी आजारी पडत नाही. पण ज्याला गाउट आहे त्याने तहान भागवायला बाटलीबंद गोड पेये आणि रसाचे पेल्यावर पेले पिऊ नयेत. तहानेला पाणी.

तरीही हे सांगितलेच पाहिजे की एकदा साठा झाल्यावर नुसत्या पथ्याने पातळी पुरेशी उतरत नाही. रोग्याला “तूच खातोस, तूच भोगतोस” असे बोलणेही अन्यायाचे आहे. मूत्रपिंडांची युरिक ॲसिड बाहेर टाकण्याची ताकद बव्हंशी आनुवंशिक असते. औषध लागले तर ते घेण्यात कमीपणा नाही.

आणि हे नुसते पायाचे दुखणे नाही. २०२२ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या ६२ हजारांवर गाउट-रोग्यांच्या अभ्यासात असे आढळले की हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्यांमध्ये त्याआधीच्या साठ दिवसांत गाउटचा झटका येऊन गेल्याचे प्रमाण इतरांच्या मानाने जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा अंगठा सुजून गेल्यावर रक्तदाब, रक्तातली साखर आणि मूत्रपिंडे यांचीही तपासणी करून घ्यावी.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१. एखादा सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन सुजला तर मुरगळा समजून चोळू नये. डॉक्टरांना दाखवावे. झटक्याचे औषध पहिल्या दिवशीच घेतले तर चांगले लागू पडते.
२. ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.
३. झटक्यात रक्ताचा अहवाल बरोबर आला तरी दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.
४. निदानाविषयी शंका असेल तर सांध्याच्या सोनोग्राफीविषयी डॉक्टरांना विचारावे.
५. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढते. त्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे, पण आपल्या मनाने बंद करू नयेत.
६. साठा कमी करण्याची गोळी चालू असताना झटका आला तरी ती मनाने सोडू नये. पुरळ उठल्यास मात्र लगेच थांबवावी.
७. उन्हात कामाला जाताना पाण्याची कळशी सोबत असावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी किती पाणी प्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

झटका येऊन गेलेले सभासद प्रत्येक गटात निघतील. आज त्यांचा पाय दुखत नसेल. तपासणीला आणि नेमाने औषध सुरू करायला हीच वेळ बरी आहे. पुढच्या हंगामात ऊस तोडीला येईल तेव्हा बांधावर उभे राहायला आपले दोन्ही पाय हवेत.